रोडगे जाळावर होत नाहीत

गच्चीवर कोळशाची शेगडी होतीच, कबाबांसाठी घेतलेली, वर तारेची जाळी असलेली. डिसेंबरात नागपूरला थंडी उतरली की रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे, आठवतातच. म्हटलं, शेतावर कशाला जायचं, इथेच करू. कोळसा लालबुंद झाल्यावर जाळीवर आठ रोडगे मांडले. दहा मिनिटांत बुडं काळी ठिक्कर झाली आणि एक फोडून पाहिला तर आत ओली कणीक. बायकोनं वांग्याची भाजी भातासोबत वाढली. कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

काटोल रोडला काकाजींचं शेत आहे. त्यांना फोन केला तर पहिला प्रश्न, "कणीक कोणती होती?"

"पॅकेटची."

"मग दुसरं काही विचारतच नाही. रविवारी ये."

शनिवारी लोकवन गहू चक्कीवर जाडसर दळून आणला. बारीक कणकेचा रोडगा चिकट होतो, आतली वाफ निघत नाही. गोवऱ्या आणायचं कामही माझ्याकडेच होतं. शहरात गोवऱ्या विकत घेणं म्हणजे एक गंमतच आहे. दुकानदारानं पैसे घ्यायच्या आधी आवाज खाली आणून विचारलं, "कोणाकडे झालं?" मी म्हटलं, रोडगे करायचे आहेत. तेव्हा कुठे त्यानं नीट, कोरड्या गोवऱ्या निवडून दिल्या.

आम्ही पंधरा जण, म्हणून अडीच किलो कणीक. त्यात मीठ, हातावर चोळलेला ओवा आणि किलोला वाटीभर तेलाचं मोहन. कणीक घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवली. गच्चीवर मी नुसते गोळे वळले होते. काकूनं ते ऐकून कपाळावर हात मारला. रोडग्याला पदर लागतात. तिनं पुरीएवढ्या तीन पोळ्या लाटल्या, प्रत्येकीवर तेलाचा हात फिरवून वर कोरडं पीठ भुरभुरलं, एकीवर एक ठेवल्या आणि चौथ्या, जरा मोठ्या पोळीत गुंडाळून तोंड दाबून बंद केलं. तेलामुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत. त्यांच्या मधून वाफ फिरते आणि मधला भाग शिजतो. माझा पहिला गोळा लंबुळका झाला. काकू म्हणाली, "हा तुझ्याच ताटात पडंल."

बांधावर गोवऱ्या एकमेकींना टेकवून उभ्या रचल्या, मधे हवेला जागा ठेवून, आणि पऱ्हाटीच्या काड्यांनी पेटवल्या. जाळ चांगला उसळला तसा मी ताट घेऊन उठलो.

"काऊन घाई करून राहिला बे? रोडगा जाळावर नसते होत, आरावर होते. धूर हाये तोवर तिकडं पाहू पण नको."

तरी काकाजींची पाठ वळल्यावर मी एक कडेला ठेवलाच. तो एकच रोडगा असा कडवट धुरकट झाला की शेतावरच्या कुत्र्यानंही हुंगून सोडला.

पाऊण तासानं धूर थांबला. वर पांढरी राख आणि खाली लाल आर. काकाजींनी काठीनं आर पसरवला, रोडगे मांडले आणि पंधरा-वीस मिनिटं चिमट्यानं फिरवत राहिले. सगळीकडून कडक कवच आलं, मग गरम राखेत पूर्ण पुरले. खरं शिजणं इथे होतं. राख उष्णता धरून ठेवते, पण जाळासारखी एका जागी मारत नाही. माझ्या जाळीवर खालून भट्टी आणि वरून थंडीचा वारा, असा प्रकार होता. "पुरताना मोजून ठेव," काकाजी म्हणाले. मी हो म्हटलं आणि विसरलो.

अर्ध्या तासानं एक काढला. तो उलला होता, भेगेतून वाफ येत होती. सगळे जुन्या पोत्यात घालून दोघांनी दोन टोकं धरून घोळले, तशी राख झडली. मुठीनं दाबला की पदर सुटत होते. वर साजूक तूप, सोबत वरण आणि तर्रीवाली वांग्याची भाजी, वर भरपूर सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर. माझा लंबुळका खरंच माझ्या ताटात आला, आणि तोही आतपर्यंत शिजलेला.

निघताना रिकाम्या तेलाच्या डब्यात राख भरून आणली. पुढच्या रविवारी गच्चीवर जाळी काढून टाकली, शेगडीत गोवऱ्याच पेटवल्या, धूर संपेस्तोवर खाली जाऊन पेपर वाचला आणि आठ रोडगे डब्यातल्या राखेसकट पुरले. सात निघाले. कवच जरा जास्त कडक, पण आत पदर होते. आम्ही सातच केले असतील, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आठवा दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी झाडताना सापडला, दगडासारखा. चहात बुडवून खाल्ला.