दशावताराच्या चित्रणासाठी घरीच बांधलेली रेड झिरो

कार्तिक महिना लागला की आमच्या कुडाळच्या आसपास जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि देवळाच्या आवारात रात्र रात्र दशावतार रंगतो. गेली काही वर्षं मी त्याचं चित्रण करतेय. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. आज झालेला प्रयोग तसाच्या तसा पुन्हा कधीच होत नाही. म्हणून त्या रात्रीच्या फाइलींना मी फार जपते.

आधी एकच कॅमेरा होता, तेव्हा घरचा संगणक पुरत होता. गेल्या हंगामात तीन केले. एक समोरून अख्खा मंच धरतो, एक फक्त चेहरे, आणि तिसरा पायपेटी-पखवाजवाल्यांकडे. तिन्ही ४के, प्रत्येकी सेकंदाला १०० मेगाबिट. म्हणजे तासाला ४५ जीबी. रात्री अकराला सुरू झालेलं नाटक पहाटे पाचला संपलं की सहा तासांचं, तीन कॅमेऱ्यांचं मिळून ८१० जीबी घरी येतं. तेवढं एका डिस्कवर आरामात मावतं. अडचण पुढे येते. कॅमेऱ्याची फाइल इतकी दाबलेली असते की तिन्ही बाजू एकदम चालवल्या की प्रोसेसर धापा टाकतो. म्हणून संकलनासाठी मी त्या फाइली प्रोरेस एलटी या कमी दाबलेल्या प्रकारात बदलून घेते. त्या हलक्या चालतात, पण जागा खातात. सेकंदाला ३४२ मेगाबिट, तासाला साधारण १५४ जीबी. तीन कॅमेरे गुणिले सहा तास केलं की पावणेतीन टीबीच्या वर आकडा जातो.

माझ्याकडे २ टीबीच्या दोन सारख्या हार्ड डिस्क होत्या. एकीवर एवढं मावणार नव्हतं. आणि मावलं असतं तरी तिन्ही फाइली एकाच वेळी वाचायला सेकंदाला जवळपास १३० एमबी सलग हवेत. हार्ड डिस्कची सुई तीन ठिकाणी धावू लागली की तो वेग पार कोसळतो. त्यातून तबकडीच्या बाहेरच्या कडेला जो वेग मिळतो, तो आत आत जाताना जवळजवळ निम्मा होतो. ४ टीबीची एसएसडी घेतली असती तर हा सगळा प्रश्नच मिटला असता. ज्याला परवडते त्याने तीच घ्यावी, हे मी मनापासून सांगते. मला त्या वर्षी तिसरा कॅमेरा घ्यायचा होता, एसएसडीचे पैसे उरले नव्हते. म्हणून दोन्ही डिस्क जोडून एक करायच्या ठरवल्या. यालाच रेड झिरो म्हणतात.

त्यात होतं काय, तर फाइलचे सारखे तुकडे पडतात आणि पहिला तुकडा या डिस्कवर, दुसरा त्या डिस्कवर, तिसरा पुन्हा या डिस्कवर असे पट्टे पडत जातात. माझ्याकडे तुकडा ५१२ केबीचा आहे. म्हणजे ४ एमबीच्या फाइलचे आठ तुकडे, चार इकडे आणि चार तिकडे. वाचताना दोन्ही डिस्क एकदम कामाला लागतात, म्हणून वेग जवळपास दुप्पट मिळतो. पण एक डिस्क गेली की उरलेल्या डिस्कवर अर्धी फाइल राहते असं नाही, प्रत्येक फाइलला अर्ध्या-अर्ध्या एमबीची भोकं पडलेली राहतात. त्या चाळणीतून काहीही हाती लागत नाही. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली तेव्हा पाच पातळ्या सांगितल्या होत्या, एक ते पाच. त्यात झिरो नव्हता, तो नंतर आला. रेडमधला आर म्हणजे जास्तीची, राखीव माहिती, आणि झिरोमध्ये तीच नसते. हे कळल्यावर मी दोन दिवस थांबले. पुन्हा न होणारं नाटक अशा जागी ठेवायचं का? त्याचं उत्तर मला नंतर सापडलं, ते पुढे सांगते.

सुरुवात डिस्क तपासण्यापासून केली. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिला स्मार्ट म्हणतात, ती दोन्हींची काढली. क्रमांक ५ म्हणजे बदलून घेतलेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे) आणि १९७ म्हणजे वाचता न येऊन ताटकळलेले सेक्टर, हे दोन आकडे शून्य हवेत. दोन्हीकडे शून्य निघाले. मग लांबची चाचणी लावली, प्रत्येकीला चार तासांच्या आसपास लागले. एक गोष्ट खरेदी करतानाच बघावी लागते. काही डिस्कमध्ये कौलांसारखे एकावर एक चढलेले पट्टे असतात, त्यांना एसएमआर म्हणतात. त्या थोडं लिहायला ठीक, पण शेकडो जीबी सलग लिहू लागलात की मध्येच रांगायला लागतात. या कामाला सीएमआर, म्हणजे पट्टे एकावर एक न चढलेल्या डिस्कच हव्यात. माझ्या त्या होत्या.

मग कॅबिनेट उघडलं. वीज जोडली, डेटा केबली जोडल्या, चालू केलं तर एकच डिस्क दिसते. केबल बदलली, डिस्कची अदलाबदल केली. जी डिस्क सहाव्या पोर्टला लावावी ती गायब. तासभर मी डिस्कलाच दोष देत होते. शेवटी मदरबोर्डचं पुस्तक काढलं. त्यात एका तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की दुसऱ्या एम.२ खाचेत (पट्टीसारखी एसएसडी बसते ती) काही बसवलं असेल तर साटाचे, म्हणजे हार्ड डिस्क जोडायचे पोर्ट ५ आणि ६ बंद होतात. त्या खाचेत माझी छोटी एसएसडी होती. डिस्क तिसऱ्या पोर्टला लावली आणि दोन्ही दिसू लागल्या. असं अनेक बोर्डांवर असतं, म्हणून केबलीला हात लावण्याआधी ते पान उघडा.

बायोसमध्येही, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही रेडची सोय होती, ती मी घेतली नाही. तिथे बनवलेला संच त्या जातीच्या बोर्डाशी बांधला जातो. उद्या बोर्ड जळला तर तसाच दुसरा शोधत फिरायचं. मी उबुंटू ही लिनक्सची प्रणाली वापरते, त्यात एमडीएडीएम नावाचं साधन आहे. ते संचाची ओळख डिस्कवरच लिहून ठेवतं, त्यामुळे दोन्ही डिस्क उचलून कुठल्याही लिनक्स संगणकाला लावल्या तरी संच जागा होतो.

आदेश देण्याआधीचा एक क्षण अजून आठवतो. उबुंटूत डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं मिळतात आणि ती प्रत्येक वेळी तीच राहतील याची खात्री नसते. सकाळी एसडीबी आणि एसडीसी या नव्या डिस्क होत्या. केबली हलवल्यावर एसडीबी झाली होती माझी बॅकअपची डिस्क, जिच्यावर गेल्या तीन हंगामांचं मूळ चित्रण आहे. आदेश टाइप करून झाला होता, बोट एंटरवर होतं. सहज म्हणून यादी पुन्हा काढली आणि आकार वेगळा दिसला. हात कापायला लागले. उठले, बॅकअपची केबल काढून टाकली, दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक चिकटपट्टीवर लिहून त्यांच्या कडेला लावले आणि मगच पुन्हा बसले. आता मी एसडीबी वगैरे लिहीतच नाही. बाय-आयडी नावाच्या फोल्डरमध्ये डिस्कचं मॉडेल आणि अनुक्रमांक असलेलं लांबलचक नाव असतं, तेच देते.

संच बनायला क्षणभरही लागला नाही. राखीव प्रत नसल्यामुळे जुळवाजुळव करायची नसते. त्यावर ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलव्यवस्था घातली, म्हणजे डिस्क फाइली ठेवण्याजोगी केली. पट्ट्यांची मापं त्याने स्वतःच ओळखली. ४ केबीचे १२८ ठोकळे म्हणजे एक तुकडा, आणि दोन डिस्क मिळून २५६. ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूट, म्हणजे प्रणालीच्या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवतं. ४ टीबीवर ती जवळपास २०० जीबी होते. नुसत्या फाइलींच्या विभागाला तिची गरज नाही, मी ती शून्य केली.

वेग मोजताना आधी सेकंदाला २ जीबी असा आकडा आला. तो खोटा होता, कारण फाइल मेमरीतूनच वाचली जात होती. मेमरी वगळून थेट मोजल्यावर एकट्या डिस्कचा १७८ एमबी आणि संचाचा ३४५ आला. तिन्ही कॅमेरे अडखळल्याशिवाय एकत्र चालले. हजारो छोट्या फाइलींना मात्र याचा काही उपयोग नाही. सुईला जागेवर पोचायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. केडेनलाइव्ह या माझ्या संकलनाच्या सॉफ्टवेअरची लघुचित्रं आणि तात्पुरत्या फाइली म्हणून मी एसएसडीवरच ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला तर पडद्यावर लाल चांदणी इकडून तिकडे फिरते आणि शेजारी १ मिनिट ३० सेकंदांची मोजणी चालू. ती संपली आणि काळ्या पडद्यावर आणीबाणीची सूचना आली. सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी एफस्टॅब या फाइलीत असते, तिच्यात मी संचाचं नाव एमडी० लिहिलं होतं. रात्रीत तो झाला होता एमडी१२७. संचाची नोंद एमडीएडीएमच्या सेटिंगच्या फाइलीत करून इनिटरॅमएफएस (सुरू होताना आधी लागणारी छोटी प्रणाली) नव्याने बनवावं लागतं, ते माझं राहून गेलं होतं. ते केलं, एफस्टॅबमध्ये नावाच्या जागी यूयूआयडी हा न बदलणारा ओळखक्रमांक घातला आणि पुढे नोफेल हा शब्द जोडला. आता संच सापडला नाही तरी संगणक निदान सुरू होतो.

आठवड्याने संकलन चालू असताना चित्र दहा सेकंद गोठलं. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदीत ओळींमागून ओळी, हार्ड रिसेटिंग लिंक, म्हणजे डिस्कशी तुटलेला संपर्क पुन्हा जोडतोय. माझ्या पोटात गोळा आला. पुण्याला असलेल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "आत्या, डिस्क नंतर बघू. आधी स्मार्टचा १९९ क्रमांक वाच." केबलीतून येता-जाता झालेल्या चुका तिथे मोजल्या जातात. तिथे ४१ होतं. "वाढतोय ना? मग डिस्क चांगली आहे, वाटेतली केबल खराब आहे." जुन्या कॅबिनेटमधली लाल केबल होती, तिच्या टोकाची खिट्टी सैल पडलेली. नवी लावली. तो आकडा कमी होत नसतो, पण ४१ वर थांबला तो आजतागायत. एकट्या डिस्कवर असा झटका निभावून जातो. इथे मात्र एक डिस्क क्षणभर सुटली तरी अख्ख्या संचाचं लिहिणं अडतं. इथे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून त्याच आठवड्यात यूपीएसही घेतला.

आता मघाचा प्रश्न. पट्ट्यांवर मी फक्त पुन्हा बनवता येईल तेवढंच ठेवते. कॅमेऱ्याच्या मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर जातात. त्यातली एक धाकट्या बहिणीच्या घरी सावंतवाडीला असते. दोन्ही प्रती पडताळून होईपर्यंत कॅमेऱ्याचं एकही कार्ड मी पुसत नाही. संकलनाची प्रकल्प-फाइल, म्हणजे कुठे कापलं, कुठे जोडलं ते सगळं, काही एमबींची असते. ती एसएसडीवर, आणि रोज रात्री आरसिंक या प्रती काढणाऱ्या साधनाने तिची प्रत बॅकअपवर. मग रेड झिरोवर उरतात त्या फक्त प्रोरेसच्या फाइली.

पण हे नुसतं कागदावर ठरवून मला झोप लागेना. हंगामाचं काम अंगावर येण्याआधी एका शनिवारी मी संगणक बंद केला आणि एका डिस्कची केबल काढून ठेवली. चालू केल्यावर उबुंटू नीट आलं, संच मात्र निष्क्रिय आणि फोल्डर रिकामं. माहीत असूनही ते रिकामं फोल्डर बघवेना. केबल परत लावली असती तर सगळं जसंच्या तसं आलं असतं, पण मला डिस्क खरंच गेली असं धरून चालायचं होतं. केबल जोडून दोन्ही डिस्कवरची संचाची खूण पुसली, संच नव्याने बांधला, ईएक्सटी४ घातलं, यूयूआयडी बदलला होता तो एफस्टॅबमध्ये दुरुस्त केला. वीस मिनिटं गेली. मग बॅकअपवरून मूळ फाइली घेऊन तिन्ही कॅमेऱ्यांचं प्रोरेस करायला एफएफएमपेग हे फाइली बदलणारं साधन लावलं आणि झोपायला गेले. तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते.

रविवारी दुपारी एकला शेवटची फाइल उतरली. फोल्डरांची आणि फाइलींची नावं तीच ठेवली होती, त्यामुळे प्रकल्प उघडल्यावर केडेनलाइव्हने काहीही विचारलं नाही. प्ले दाबलं. मुख्य आख्यानाआधीच्या आडदशावतारातला संकासुर पडद्यामागून आला, तिसऱ्या कॅमेऱ्यात पखवाजवाल्याने त्याच्याकडे बघून थाप दिली, आणि मी दोन दिवसांपूर्वी अर्धवट सोडलेला काप बरोबर त्या थापेवरच पडला.