भांडणावर नाचायचं गाणं

मला ब्रेकअपचं गाणं करायचं नव्हतं. ब्रेकअपनंतर गोष्ट संपलेली असते, मागे उरते ती फक्त आठवण. मला त्याआधीचा काळ हवा होता. दोघं एकमेकांना सोडत नाहीत आणि सुखानं राहूही देत नाहीत, रात्री कडाक्याचं भांडण होतं आणि सकाळी त्याच ओट्यावर दोघांचा चहा उकळतो. आणि या सगळ्यावर पाय थिरकले पाहिजेत, असा माझा हट्ट होता.

"भांडणावर कोण नाचतं गं?" आईनं विचारलं. खरं तर आपल्याकडे लोक कधीपासून नाचत आलेत. सवाल-जवाबात दोन फड एकमेकांना कोंडीत पकडतात, तेव्हा ढोलकी थांबत नाही, उलट चढत जाते. एकनाथांच्या भारुडातली बाई 'मला दादला नको गं बाई' म्हणून ठणकावते आणि समोर बसलेले लोक टाळ्यांचा ठेका धरतात. त्यामागचा अध्यात्माचा अर्थ वेगळा, पण ठेका धरताना हात आधी भांडणालाच दाद देतात. डान्स-पॉपमध्ये हे बसेल याची मला खात्री होती.

मुखडा लवकर सुचला :

जा म्हटलं की थांबतोस का रे,
थांब म्हटलं की जातोस का?

अंतऱ्यांनी मात्र दमवलं. दोघांपैकी कुणीही खलनायक ठरता कामा नये, हे मी पक्कं ठरवलं होतं. म्हणून पहिला अंतरा तिचा, दुसरा त्याचा, आणि चाल दोघांना एकच. तिची तक्रार अशी की तो बोलत नाही. त्याची अशी की बोललं की त्या बोलण्याचंच हत्यार होतं. दोघंही खरं बोलतायत आणि दोघंही एकाच सुरात बोलतायत, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं होतं. दुसऱ्या अंतऱ्यासाठी मी मुद्दाम असा गायक शोधला ज्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

लय मिनिटाला १२० ठोके. म्हणजे प्रत्येक ठोका बरोबर अर्ध्या सेकंदाचा, आणि चारही मात्रांवर किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा धम्म आवाज. कॉर्ड्स चारच : ए मायनर, एफ, सी, जी. माझा संगीतसंयोजक मित्र मुखडा शेवटी ए मायनरवर, म्हणजे घरी, आणून सोडत होता. मी म्हटलं, "या दोघांना अजून घर सापडलेलं नाही, तू कशाला पोचवतोस?" मग मुखड्याची शेवटची ओळ एफवर लोंबकळत ठेवली. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी मिटलेलं नाही हे कळतं, आणि म्हणून तो पुढची फेरी ऐकायला थांबतो.

ढोलकी मला हवीच होती. अडचण अशी की ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा आणि किक हे दोन्ही खालच्या पट्टीत एकाच जागी येतात आणि एकमेकांना गिळतात. संगणकावर दोघांनाही छाटण्यापेक्षा वादकदादांनीच तोडगा काढला. त्यांनी डावा हात जवळजवळ मिटवला आणि उजव्या पुडीची तडतड किकच्या मधल्या फटींत भरली. बेसला साइडचेन लावलं, म्हणजे किक वाजली की बेस क्षणभर दबतो आणि लगेच उसळून वर येतो. त्यानं सगळं गाणं धापा टाकतंय असं वाटायला लागलं. भांडताना माणूस असाच धापा टाकतो.

मास्टरिंगवर, म्हणजे गाण्याच्या आवाजावरच्या शेवटच्या हातावर, फार लिहीत नाही. एवढंच सांगते की गाणं दाबून दाबून मोठ्या आवाजाचं करण्यात अर्थ नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणूनच वाजवतं. तुम्ही कितीही चढवा, तिथं ते खाली येणार, आणि दाबल्यामुळे गेलेला जीव मात्र परत येणार नाही.

व्हिडिओचं काम सर्वांत जास्त शिकवून गेलं. या प्रकारातला माझ्या डोळ्यासमोरचा मोठा नमुना म्हणजे रिहाना आणि कॅल्विन हॅरिसचं २०११ चं 'वी फाउंड लव्ह'. मेलिना मत्सूकास यांनी दिग्दर्शित केलेला तो व्हिडिओ उत्तर आयर्लंडमध्ये चित्रित झाला आणि २०१३ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. संगीत जल्लोषाचं आणि पडद्यावर एकमेकांना पोखरणारं जोडपं. हा विरोधाभास त्यात पूर्ण ताकदीनं वापरलाय. मी आणि माझी नृत्यदिग्दर्शक मैत्रीण तो पुन्हा पुन्हा पाहत बसलो, आणि आमच्यासमोर एक प्रश्न उभा राहिला. बीट चढत असताना पडद्यावर जे होतं, त्याला बघणाऱ्याचं शरीर आपोआप होकार देतं. मग तिथं आपण काय दाखवायचं?

तिनं तालमीच्या पहिल्याच दिवशी दोन्ही नर्तकांना सांगून टाकलं : मनगट धरायचं नाही, खेचायचं नाही, वाट अडवायची नाही. भिंतीला टेकवणं तर नाहीच. भांडण आणि जबरदस्ती यांच्यात एक रेघ आहे, आणि आपल्या पडद्यावर ती फार वेळा प्रेमाच्या नावाखाली पुसली गेलीय. ठेक्यावर ओढलेलं मनगट सुंदर दिसतं, हेच त्यातलं वाईट आहे. हे मला इतकं पटलं की पुढे कुठलीही जागा अडली तर आम्ही याच नियमाकडे परत यायचो.

मग भांडण दाखवायचं कशानं? तर तोलानं. मुखड्याला दोघं पाठीला पाठ लावून उभे राहतात आणि पावलं पुढे सरकवत एकमेकांवर इतकं रेलतात की एकजण हलला तर दुसरा पडलाच. 'जा' या शब्दावर, चौथ्या मात्रेला, तो बाजूला होतो. ती मागे झुकते, पडायला येते आणि शेवटच्या क्षणी स्वतःच्या टाचांवर तोल सावरते. तो सावरत नाही तिला, ती स्वतः सावरते. पुढच्या फेरीत तीच बाजूला होते आणि त्याची तीच गत. तालमीत खाली जाड गाद्या टाकल्या होत्या आणि गुडघ्यांना पॅड होते. तरीही ती मुलगी पहिल्यांदा पूर्ण विश्वासानं मागे रेलली, तेव्हा खोलीतले सगळे उभे राहिले होते.

रस्त्यावर शूटिंग करायचं तर परवानग्या लागतात. त्यासाठी महाराष्ट्रात गोरेगावच्या चित्रनगरीचं महामंडळ एक खिडकी योजना चालवतं. आमचं बजेट घराबाहेर पडण्याइतकं नव्हतंच, आणि हे भांडणही घरातलंच. पुण्यातला एक रिकामा फ्लॅट मिळाला, मालकांचं लेखी संमतीपत्र घेतलं, सोसायटीचं नाहरकत पत्र घेतलं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, हा तर कायदाच आहे. म्हणून रात्रीच्या दृश्यांना दोघांच्या कानात बारीक इअरफोन होते, आणि बाकी घर शांत.

स्वयंपाकघरात जुनी ट्यूबलाइट होती आणि मला तिचाच प्रकाश हवा होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. आमच्या कॅमेरामननं सेकंदाला २४ फ्रेम ठेवून शटरचा कोन १७२.८ अंश केला, म्हणजे प्रत्येक फ्रेमला बरोबर एक पन्नासांश सेकंद, आणि थरथर गेली. स्लो-मोशनसाठी ४८ फ्रेम लावल्या तरी तोच कोन चालतो. तेव्हा गाणं सेटवर दुप्पट वेगानं वाजवायचं, दोघांनी त्या वेगानं ओठ हलवायचे, आणि मग २४ वर चालवलं की शरीरं संथ होतात पण ओठ गाण्याबरोबर राहतात. दुप्पट वेगात ओळी म्हणताना दोघं इतके खरे चिडलेले दिसले की तेच शॉट्स शेवटी राहिले.

संकलनात १२० च्या लयीचा फायदा दिसला. २४ फ्रेमला एक ठोका बरोबर १२ फ्रेमचा येतो, पंचविसावर तो साडेबारा होऊन घसरत जातो. पण प्रत्येक कट ठोक्यावर मारला की चित्र यंत्रासारखं होतं. संकलकानं नाचाचे कट ठोक्यावर ठेवले आणि नजरेचे कट ठोक्याआधी दोन-तीन फ्रेम. राग लयीची वाट बघत नाही, असं तो म्हणाला, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

आता कागदपत्रं. गाणं करणाऱ्या तरुणांना कळकळीनं सांगते, हा भाग वाचल्याशिवाय सही करू नका. एका कंपनीनं गाणं रॉयल्टीसकट कायमचं मागितलं होतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा गीतकार आणि संगीतकाराला हक्क घेणाऱ्या कंपनीच्या बरोबरीनं रॉयल्टीतला वाटा देतो, आणि वारसांखेरीज किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज तो कुणाला सोडून देता येत नाही. मी नाही म्हटलं, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या सोसायटीचं सदस्यत्व घेतलं आणि गाणं ऑनलाइन अ‍ॅप्सवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमार्फत स्वतःच आणलं. ऑडिओला एक आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळखक्रमांक, आणि व्हिडिओला दुसरा, कारण ही दोन वेगळी रेकॉर्डिंग मानली जातात. आणि नृत्यरचना लिहून किंवा चित्रित करून ठेवलेली असेल तर कायद्यानं ती नाट्यकृतीत मोडते, म्हणजे ती रचणारीचा तिच्यावर हक्क असतो. माझ्या मैत्रिणीला हे माहीतच नव्हतं. तिच्याशी वेगळा करार केला आणि नामावलीत तिचं नाव माझ्या नावाशेजारी, त्याच आकारात घेतलं.

गाणं आल्यावर ज्या प्रतिक्रिया आल्या, त्यांत बायकांइतकेच पुरुषही होते. दुसरा अंतरा आपला आहे, असं लिहिणारे. परवा एका मैत्रिणीच्या हळदीत डीजेनं ते लावलं. लग्नातल्या अशा वाजवण्याला कायद्यात सूट आहे, त्यातून मला रुपयाही येत नाही, आणि ती सूट मला मनापासून मान्य आहे. मांडवात पंचवीस-तीस वर्षं संसार केलेलं एक जोडपं समोरासमोर आलं. मावशींनी बोट रोखून पहिली ओळ म्हटली, काकांनी हात जोडून दुसरी, आणि डीजेला ते गाणं लगेच पुन्हा लावावं लागलं.