फुकट गेली का ती वर्षं?

पुण्याला गेले की हा प्रश्न ठरलेला. 2012 साली मी अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स्टनला राहत होते आणि तिथल्या बेसबॉल संघात रिंकू सिंग होता, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. भाच्याला तो कुस्तीतला वीर महान म्हणून ठाऊक. कपाळावर त्रिपुंड्र, छातीवर 'माँ' गोंदलेलं. मग तो विचारतोच, "मावशी, बेसबॉलमध्ये त्याचं काहीच झालं नाही ना? फुकटच गेली ना ती वर्षं?"

तुम्हालाही हाच प्रश्न पडला असेल, म्हणून सांगते. नाही गेली.

रिंकू भदोहीकडचा. वडील ट्रक ड्रायव्हर, नऊ भावंडं, आणि हा भालाफेक करणारा. 2008 साली वेगात चेंडू फेकायची एक स्पर्धा भारतात झाली, सदतीस हजारांवर पोरं उतरली. त्याने ताशी 87 मैलांनी चेंडू टाकून एक लाख डॉलर जिंकले. बेसबॉल हा खेळ तोवर त्याच्या गावीही नव्हता! वर्ष सरायच्या आत पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधल्या, संघाने त्याला आणि दिनेश पटेलला करारात घेतलं. 2009च्या जुलैमध्ये रिंकूच्या नावावर पहिला विजय लागला. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल सामना जिंकणारा तो पहिला भारतीय पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. दिनेशला 2010च्या अखेरीस मोकळं केलं, तो घरी परतला.

चार्ल्स्टनचा संघ तेव्हा पायरेट्सच्याच हाताखालचा, ए श्रेणीतला. मेजर लीग तिथून चार पायऱ्या वर. आमच्या मैदानात एक गृहस्थ चक्क टोस्टर घेऊन बसायचे. समोरच्या संघाचा बॅटर तीन स्ट्राइकवर, म्हणजे तीनदा चेंडू हुकवून किंवा चांगला चेंडू सोडून, बाद झाला की सगळं स्टँड "यू आर टोस्ट" ओरडायचं आणि भाजलेल्या पावाचे तुकडे आमच्या डोक्यांवरून उडायचे. रिंकूने टाकलेल्या चेंडूवर हा टोस्ट उडाला की माझ्या घशात आवंढा यायचा. त्या वर्षी 39 सामने, 72 इनिंग, 65 स्ट्राइकआउट, म्हणजे असे बाद केलेले बॅटर, आणि दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, दिलेल्या फक्त तीन धावा. चार वर्षांपूर्वी ग्लोव्ह कुठल्या हातात घालतात हे शिकणाऱ्या पोराचे हे आकडे आहेत.

आणि पगार? त्या काळी या श्रेणीत महिन्याला हजार-बाराशे डॉलर, तेही हंगामापुरतेच. खेळाडूंची संघटना झाली, 2023 साली करार झाला, तेव्हा कुठे ए श्रेणीचा किमान वार्षिक पगार 11,000वरून 26,200 डॉलरवर गेला. मला याचा आजही राग येतो. तिकीट काढून आम्ही ज्यांना बघायचो, त्यांना हिवाळ्यात दुसरं काम शोधावं लागायचं.

पुढे रिंकूचं कोपर गेलं. शस्त्रक्रिया झाली, हंगामामागून हंगाम बाहेर बसण्यात गेले. 2018 साली तो डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीत गेला, 2024मध्ये तिथूनही बाहेर पडला.

गेल्या खेपेला मी भाच्याला खरा बेसबॉल नेऊन दिला. त्याने लाल टाक्यांवरून बोट फिरवलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिचर टाकतो तेवढं अंतर, 60 फूट 6 इंच, मोजलं, भिंतीवर खडूने चेंडू जिथून जायला हवा तो 17 इंच रुंदीचा चौकोन काढला. त्याने वीस चेंडू टाकले. दोन आत गेले.

दंड चोळत म्हणाला, "आणि इथे बॅट घेऊन माणूसही उभा असतो?"

"असतो," मी म्हटलं.