मैदानावरचे सर, घरातले काका

माझ्या धाकट्या काकांचे नुकतेच नाशिकमध्ये निधन झाले, आणि भेटायला आलेली बहुतेक मंडळी त्यांचा उल्लेख ‘सर’ असाच करत होती. बास्केटबॉलचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी उमेदीची सगळी वर्षे मैदानावर घालवली. नवख्या मुलांना ते लगेच बास्केटकडे चेंडू टाकू देत नसत. चेंडू हातात आल्यावर एक पाय जागेवर रोवून दुसऱ्या पायाने कसे वळायचे, हेच आधी कित्येक दिवस घोटून घेत. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली, तेव्हा त्यांनी स्वतः टेप लावून नवी रेषा आखली, पण लांबून चेंडू फेकण्याच्या हौसेपायी मनगटाची सवय बिघडवणाऱ्यांना पुन्हा बास्केटखाली उभे केले. ते कडक होते. माझ्या मते कधीकधी गरजेपेक्षा जास्तच.

घरी मात्र आवाज चढत नसे. काकूंची नोकरी सकाळची असल्याने पहाटेचा सराव आटोपून गंगापूर रोडने घाईघाईने घरी येत आणि मुलींचे डबे तेच भरत. दोघींपैकी एकीलाही बास्केटबॉलची गोडी लागली नाही आणि त्यांनी ती लादलीही नाही. थोरलीच्या गायनाच्या परीक्षेसाठी एका स्पर्धेचा अंतिम सामना त्यांनी सहायकावर सोपवला होता, हे आम्हाला परवा त्यांच्या जुन्या खेळाडूंकडून कळले. सामना संघाने गमावला होता, आणि त्याबद्दल तक्रार करणाऱ्या पालकांना त्यांनी शांतपणे खरे कारण सांगितले होते.