चटणीच्या भांड्याचं झाकण

परवा आईला मिक्सरच्या चटणीच्या भांड्याचं झाकण हवं होतं. फक्त झाकण. म्हटलं उन्हात दुकानं पालथी घालण्यापेक्षा एखाद्या ॲपवर बघू कितीला पडतंय, डाउनलोड केलं, उघडलं, तर समोर लॉगिन. मोबाइल नंबर टाका. आई म्हणे, "अगं मी अजून काही बघितलं पण नाही, नंबर कशाला देऊ?" तरी मी टाकला तिचा, तर तो फोन आत चार्जिंगला, मी उठून जाईपर्यंत वेळ संपलेली, रीसेंड केलं तर दोन ओटीपी एकदम आले आणि मी नेमका पहिलाच टाकला. ॲप उडवलं.

आता मी स्वतः हिंजवडीत अशी ॲप बनवायचीच कामं करते, त्यामुळे आईपुढे जरा ओशाळलेच. मीटिंगमध्ये कायम हाच वाद, लॉगिन दारातच की लागेल तेव्हा. मार्केटिंगवाल्यांना नंबर आधी हवा असतो. ॲपलचा तर नियमच आहे की अकाउंटवर अडणारं फारसं काही नसेल तर लोकांना लॉगिनशिवाय वापरू द्या, आणि ३० जून २०२२ पासून अकाउंट उघडता येत असेल तर ते ॲपमधूनच डिलीटही करता आलं पाहिजे. पण खरी मेख पुढेच आहे. टोकन, म्हणजे लॉगिन केल्यावर ॲपला मिळणारा तात्पुरता पास, एक्स्पायर झालं की सर्व्हर ४०१ पाठवतो, म्हणजे "आधी ओळख पटवा", तेव्हा रिफ्रेश टोकनवर, म्हणजे मागच्या मागे नवा पास मिळवून देणाऱ्या दुसऱ्या टोकनवर, भागत असेल तर माणसाला पत्ताही लागू देऊ नये, नाहीच भागलं तर लॉगिन दाखवावं, आणि झालं की जिथे होता तिथेच आणून सोडावं. आम्ही काय करतो, थेट होमवर. कार्ट रिकामी. म्हणजे चाळीस साड्या उलगडून एक पसंत केली, बिलाला नाव सांगितलं, आणि दुकानदारानं हाताला धरून परत लक्ष्मी रोडवर उभं केलं!

शेवटी तुळशीबागेतच गेलो. आईनं पिशवीतून भांडं काढलं, तीन झाकणं बसवून बघितली, एकाची रबराची रिंग सैल म्हणून परत केली, दहा रुपये कमी करून घेतले. मग तिथला दुकानदार म्हणाला, "मावशी, मोबाइल नंबर सांगा, बिलावर टाकतो."

आईनं दहाच्या दहा आकडे घडाघड सांगितले. वर विचारलं, "नाव नाही लिहीत का?"