आम्ही खोडून आपण

आईची वही माळ्यावर होती म्हणून वाचली. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा हरिपुरात आमच्या सोप्यात कमरेएवढं पाणी होतं. खालचं सगळं गेलं. माळ्यावरचं ट्रंकेतलं तेवढं राहिलं, आणि त्यात ही लांबट वही होती. पुढून हळदीचे हिशेब आहेत: मजुरी, पोती, टेम्पोचं भाडं. वही उलटी धरून मागून उघडली की आईच्या ओव्या सुरू होतात.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत हिशेब लिहितो. गेल्या रविवारी घर आवरताना वही पुन्हा हाती आली, आणि त्यातलं एक पान आठ दिवस डोक्यातून जाईना. वर ‘एप्रिल 1991’ एवढंच लिहिलंय. आईला विचारून इथं देतोय.

तीन दिस अबोल्याचे
उंबऱ्याशी अडलेले
मी वाढते, ते जेवती
डोळे ताटी पडलेले

वारणेच्या अंगानं गं
काळं काळं येई कुणी
खळ्यावर माझं सोनं
त्याला पुसेल का पाणी

एक टोक त्यांच्या हाती
एक माझिया मुठीत
वारा मधी शिरे त्याला
दोघं धरून ओढीत

थेंब पडला पहिला
दोघं उभ्यानं भिजलो
कुणी हाक दिली आधी
आपणच विसरलो

भांडण कशावरून झालं ते ओव्यांत नाही. मला आत्यानं सांगितलं. आईचं माहेर वारणाकाठचं. तिकडं यात्रा होती, आईला दोन दिवस जायचं होतं. त्या साली काढणी लांबलेली, हळद शिजवायची काहिली चुलवाणावर चढलेली, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “हळद शिजायला लागली आणि तू कुठं निघालीस?” आई गेली नाही. बोललीही नाही.

हे माहीत झाल्यावर दुसरी ओवी मला वेगळीच दिसायला लागली. वारणेच्या अंगानं ‘काही’ येत नाही, ‘कुणी’ येतं. आपल्याकडच्या ओव्यांत सासुरवाशीण माहेरच्या वाटेकडं डोळे लावून बसते, आणि त्या वाटेनं येतो तो भाऊ, मुराळी, तिला न्यायला. ओवी ऐकत वाढलेल्या बाईला ‘माहेरच्या अंगानं येई कुणी’ म्हटल्यावर पुढं भाऊच दिसणार. आईनं त्या जागी वळवाचा ढग आणून ठेवला. ज्या दिशेला जायचं राहिलं, त्याच दिशेनं संकट आलं. तिचा राग कुठंच लिहिलेला नाही, पण तो ह्या एका ‘कुणी’त आहे असं मला वाटतं.

आणि ‘पुसेल’. पाणी सोनं पुसून टाकेल हा अर्थ तर उघड आहे. पण आई अजूनही ‘त्याला पूस की’ म्हणते ते विचार की, अशा अर्थानं. तीन दिवस घरात कुणी कुणाला पुसलं नाही. आता बाहेरून पाणी येतंय, ते तरी पुसेल का? एका शब्दात भीतीही आहे आणि आशाही. हा शब्द तिनं ठरवून घातला असेल का, असं मित्रानं विचारलं. माझ्या मते ज्याच्या तोंडी दोन्ही अर्थ रोज असतात त्याला ठरवावं लागत नाही.

खळ्यावरचं सोनं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. शंभर किलो ओली हळद शिजवून वाळवली की वीस-बावीस किलो वाळकं हळकुंड हाती येतं. दहा-पंधरा दिवस ती खळ्यावर पसरलेली असते. त्यात वळवानं गाठलं की रंग उतरतो, बुरशी धरते, आणि सौद्यात भाव पडतो. मी रोज असा माल बघतो. पोत्यात हात घातला की कळतं, ह्या घरी पाऊस आला तेव्हा धावायला माणसं नव्हती.

तिसऱ्या ओवीत निसर्ग आहे तो वाऱ्यापुरता. ताडपत्रीचं नावसुद्धा तिनं घेतलं नाही. दोन टोकं, दोन माणसं आणि मधे शिरणारा वारा. ज्यानं ताडपत्री वाऱ्यात धरली असेल त्याला माहीत आहे की एकट्याला ती आवरत नाही, पोटात वारा भरतो आणि माणसालाच घेऊन उठते. दोघांनी आपापल्या बाजूला ताणली तरच ती जमिनीला बसते. आता बघा, भांडणातसुद्धा दोघं हेच करत असतात, आपल्या बाजूला ओढत असतात. आईच्या ओवीत ते ओढणं थांबत नाही. कुणी सैल सोडत नाही, कुणी माघार घेत नाही. तेच ओढणं हळदीवर छप्पर होतं. ही ओळ मला सगळ्यांत आवडते.

समेटाची कविता म्हटलं की हरिपूरच्या माणसाला संगम सुचायला हवा. घरापासून चालत पाच मिनिटांवर, संगमेश्वराच्या देवळाखाली, वारणा कृष्णेला मिळते. आईनं आयुष्य त्या घाटावर काढलंय. तरी ओव्यांत संगम नाही, वारणा आहे ती फक्त दिशा म्हणून. मी ह्यावर पुष्कळ विचार केला. संगमाच्या पुढं वाहतं ते पाणी दोघींचं असतं, पण त्याला नाव कृष्णेचं. वारणा तिथं संपते. वारणाकाठच्या लेकीला हे दृष्टांत म्हणून चाललं नसणार. तिनं पाऊस घेतला, जो दोघांवर सारखा पडतो.

शेवटच्या ओळीत खाडाखोड आहे. आधी ‘आम्ही दोघं विसरलो’ लिहिलं होतं. त्यावर आडवी रेघ, आणि वर बारीक अक्षरात ‘आपणच विसरलो’. अक्षरं दोन्हीकडं आठच, म्हणजे चालीसाठी बदललेलं नाही. दुसऱ्या ओवीत ‘गं’ आहे, म्हणजे ती कुणा सखीला सांगतेय, आणि अण्णा सगळीकडं ‘ते’, ‘त्यांच्या’. सखीला सांगायचं तर ‘आम्ही’च बरोबर. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा त्यात आला. म्हणजे शेवटच्या ओळीला सखी उठून गेलीय आणि समोर अण्णा बसलेत. तीन ओव्या ज्यांच्याविषयी बोलली, चौथीत त्यांच्याशी बोलली. अबोला सुटल्याचं तिनं सांगितलेलं नाही. तो ह्या ओळीत सुटलाय, निळ्या शाईच्या एका रेघेनं.

काल संध्याकाळी अण्णांना पान वाचून दाखवलं. ते ऐंशीच्या घरात आहेत, कानाला कमी येतं, म्हणून दोनदा वाचलं. आई आत भाकरी थापत होती. शेवटच्या ओळीला त्यांनी मान हलवली.

“विसरलो कुठं? तिनंच हाक दिली.”

“तुम्हाला?”

“ते कसं सांगू? ‘अहो’ म्हणाली नाही. मी मोटारीपाशी होतो, विहिरीवर. तिकडून ओरडली, ‘हळद! हळद!’ मी पळत आलो. आता ती हाक मला होती का हळदीला होती, मी तिला कधी पुसलं नाही.”