किती वाजता येताय?

“मुंबईत येतोय, कुठे जेवू? खास मुंबईचं असं काहीतरी सांगा.” हा प्रश्न मला वर्षभर येतो. कोल्हापूरचा भाचा विचारतो, नाशिकच्या मैत्रिणी विचारतात, आमच्या इमारतीत नव्याने राहायला आलेलं जोडपंही विचारतं. नोकरी सगळी फोर्टात झाली, राहायला परळ, तेव्हा हिच्याकडे तयार यादी असणार असा सगळ्यांचा समज. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते, पण आधी माझा उलटा प्रश्न : किती वाजता येताय? आणि कुठल्या वारी?

त्याचं कारण आहे. मुंबईतली जुनी हॉटेलं बरीचशी अडचणीतून निघाली. बायकापोरांना गावी ठेवून कामाला आलेल्या पुरुषांना दोन वेळचं कोण घालणार, ही ती अडचण. गिरणीतला कोकणातला नाहीतर साताऱ्याकडचा गडी, काळबादेवीच्या कापडबाजारातला काठियावाडी, बोटीवरचा गोवेकर, उडुपीकडून आलेला पोरगा. प्रत्येकाची कामाची वेळ वेगळी, म्हणून त्याला वाढणाऱ्याचीही वेगळी. ती गिऱ्हाइकं गेली, वेळा मात्र राहिल्या. अवेळी गेलात तर नावाजलेल्या ठिकाणीही उरलंसुरलंच पदरात पडतं, आणि मग गावी जाऊन तुम्ही सांगता की मुंबईत काही राम उरला नाही.

दुपारपासून सुरुवात करते, कारण माझा सगळा अभ्यास जेवणाच्या सुट्टीत झालाय.

बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया हे पारशी हॉटेल 1923चं. आजूबाजूला बंदराची आणि जहाज कंपन्यांची कार्यालयं, म्हणजे गिऱ्हाईक कचेरीतलं, म्हणजे धंदा दुपारचा. संध्याकाळी त्या रस्त्याला कुत्रं नसतं, आणि तरी दर महिन्याला कोणीतरी मला म्हणतं, रात्री जाऊ या बेरी पुलाव खायला. पुलावातली बेरी म्हणजे झरेश्क, इराणातून येणारं लहानसं, लाल, चांगलंच आंबट फळ. मालक बोमन कोहिनूर 2019मध्ये गेले, वयाच्या 97व्या वर्षी. उतारवयातही ते टेबलाटेबलाशी येऊन गप्पा मारत आणि काय खावं ते सांगत. ते असताना मेनूकार्ड उघडायची गरज पडत नसे.

फोर्टातल्या गल्ल्यांमध्ये मंगळुरी लंच होम. आता त्यातली काही वातानुकूलित आणि महाग झाली, खेकडा बाहेर आणून जिवंत दाखवतात, परदेशी पाहुणे फोटो काढतात. मला त्यात रस नाही. मला रस त्या खालच्या मजल्यावरच्या टेबलांमध्ये, जिथे अनोळखी माणसासमोर बसून बांगड्याची गस्सी, म्हणजे नारळाच्या वाटणाचा रस्सा, आणि उकडा भात खायचा आणि एकमेकांकडे न बघता पाण्याचा जग सरकवायचा. बारा वाजता जाऊ नका, रस्सा अजून बसलेला नसतो. अडीचला जाऊ नका, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, संपलेल्या असतात. भर गर्दीत, सव्वाच्या सुमाराला जा. दारात उभं राहावं लागेल, पण कचेरीतल्या माणसाला परत टेबलाशी पोहोचायचं असतं, त्यामुळे कोणी रेंगाळत नाही. जिथे गिऱ्हाईक घड्याळ बघत जेवतं, तिथे शिळं टिकूच शकत नाही. माझा हा नियम अजून तरी कोणी खोडून काढलेला नाही.

माटुंगा स्टेशनजवळ ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942चं. जिना चढून वर जायचं, केळीच्या पानावर जेवायचं, रसम्, सांबार, दोन भाज्या, ताक. नावातच बोर्डिंग. खोली घेऊन राहणाऱ्या एकट्या माणसाला घरच्यासारखं पोटभर मिळावं, हा हिशेब. तसाच हिशेब काळबादेवीतल्या श्री ठाकर भोजनालयाचा, 1945चा. तिथे मात्र वाढपी थांबतच नाहीत, आणि भुकेची खात्री नसेल तर माझ्या मते पैसे वाया घालवू नयेत.

पण मुंबईतलं सगळ्यात मोठं हॉटेल कुठलं, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, ज्याला पाटीच नव्हती ते. परळ, लालबाग, डिलाईल रोडच्या चाळींतल्या खानावळी. एकेका गावचे लोक मिळून एक खोली भाड्याने घ्यायचे. पहिल्या पाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पथारी टाकायचा. यांना जेवण घालायची ती त्याच चाळीतली एखादी बाई. स्वतःच्या दहा-बारा फुटांच्या खोलीत, स्वतःचा संसार सांभाळून, मेंबरांना महिन्याच्या बोलीने. गावी गेलात तर तेवढ्या दिवसांचा खाडा धरायचा. भाकरी, कालवण, भात, रविवारी मटण. तिची वेळ ठरवायचा गिरणीचा भोंगा. पहिली पाळी सकाळी सातची, म्हणजे चूल पहाटे चारला पेटणार. दुसऱ्या पाळीचा मेंबर रात्री बारानंतर येणार, त्याचं ताट झाकून ठेवायचं. म्हणजे ती झोपायची कधी, हा प्रश्न गिरणगावावर लिहिणाऱ्यांना फारसा पडलेला दिसत नाही.

धान्य उधारीवर, मेंबरांचे पैसे पगार झाल्यावर, मध्ये सावकार. कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना धरून. बँकेचं कर्ज खानावळवालीच्या स्वतःच्या नावावर मिळवून देणं हे त्यांचं मोठं काम. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि मेंबर गावी निघून गेले. संपावरच्या पुस्तकांत कामगार किती, गिरण्या किती, ते सगळं सापडतं. कित्येक खानावळवाल्यांच्या वह्यांतली उधारी तशीच राहिली, ती कुणी मोजली नाही. आमच्या शेजारी अशी एक मावशी होती. तिने नंतर पोळ्या लाटून द्यायला सुरुवात केली. आज परळच्या कुठल्याही रस्त्यावर पोळी-भाजी केंद्र दिसतं ना, त्याची आई म्हणजे ही खानावळ. संध्याकाळी सात ते नऊ, नोकरी करणाऱ्या नवरा-बायकोची रांग. बायका स्वतःच्या पैशाने जेवण विकत घ्यायला रांगेत उभ्या आहेत, हे दृश्य मला आवडतं. मी नोकरीला लागले तेव्हा एकट्या बाईने हॉटेलात शिरायचं तर आधी फॅमिली रूम कुठे ते शोधायचं, आणि आत गेल्यावर पंखा बंद.

आता त्याच गिरण्यांच्या आवारात रेस्टॉरंटं आहेत. फिनिक्स, कमला, तोडी. तुमची मुलं मला याच जागांबद्दल विचारतात, आणि मी नाक मुरडत नाही. चांगलं जेवण मिळतं, कोरियन, इटालियन, आपल्या भरडधान्यांचंही कायकाय करतात. गर्दीची वेळ रात्री अकरानंतरची, जुन्या दुसऱ्या पाळीच्या सुटण्याची. कमला मिलच्या आवारात 29 डिसेंबर 2017ला मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या आगीत 14 जण गेले. तेव्हापासून अशा जागी गेले की मी बाहेर पडायची वाट आधी बघते, मग मेनू. तुम्हीही बघा. जानेवारी 2020पासून बिगरनिवासी भागांतली हॉटेलं, मॉल चोवीस तास उघडी ठेवायला सरकारने परवानगी दिली. परवानगीने भूक लागत नाही. पहाटे तीनला मुंबईत जेवणारा माणूस अजूनही बहुतेक कामावरचाच असतो, फक्त आता तो कॉल सेंटरमधून नाहीतर विमानतळावरून येतो, आणि रस्त्याकडेला भुर्जीपाव खातो.

सकाळबद्दल थोडक्यात. माटुंग्याला जा. कॅफे मद्रास 1940चं, राम आश्रय 1939चं. रविवारी नऊनंतर पाऊण तास उभं राहायची तयारी असेल तरच जा, नाहीतर साडेसहाला या, फिल्टर कॉफी ताजी, मंडईतून येणारे, देवळातून येणारे, सगळे जाग्यावर. राम आश्रयला रोज वेगळ्या फळाचा शिरा असतो, तो संपायच्या आत. इराण्याकडे जायचं तर धोबीतलावच्या कयानीत, 1904चं. बन मस्का, खिमा, चहा. ते ज्या जेर महालात आहे त्याच इमारतीत गोव्याच्या गावागावांचे कूड आहेत. बोटीवर नोकरी लागेपर्यंत खलाशांनी मुक्काम करायच्या या सामायिक खोल्या. खाली इराणी, वर गोवेकर, समोर मेट्रो सिनेमा. मुंबईचं जेवण म्हणजे काय, हे कुणाला दाखवायचं तर मी त्या फुटपाथवर उभं करते आणि वर बघायला सांगते. ग्रँट रोडचं बी. मेरवान 1914चं. त्यांचा मावा केक सकाळीच संपायचा, आठनंतर येणाऱ्याला रिकामे ट्रे दिसायचे.

भेंडीबाजारात नूर मोहम्मदीची नळी निहारी, 1923पासून. निहारी मुळात रात्रभर शिजवून सकाळी खायची. रमजानात मोहम्मद अली रोडला जायचंय असं सगळेच म्हणतात. जा, पण शेवटच्या दहा दिवसांत नको. तेव्हा तिथे ईदेची खरेदी करणारी घरं असतात, त्यांच्या वाटेत आपण फोन उंचावून उभे राहतो.

हे झालं घड्याळाचं. आता वार.

मालवणी खानावळीत बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवारी, गुरुवारी वार पाळणारे फिरकत नाहीत, मासळी कमी येते, आचारीही उदास असतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, तेव्हा पापलेट मागू नका, सुका जवळा, बोंबील मागा, आणि पावसात ते जास्त चांगलं लागतं. पुढे श्रावण. दादरची एरवी ओसंडणारी मालवणी हॉटेलं तेव्हा निवांत असतात. वार न पाळणाऱ्यांनी ही संधी साधावी, असं मी हळूच सुचवते. उलट संकष्टीला शिवाजी पार्कजवळच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष यांच्यासाठी उभं राहायचं म्हणजे उपवास आपोआप घडतो. अंगारकी असेल तर सिद्धिविनायकाची अर्धी रांग तिथेच आलेली असते.

दादरच्या आस्वाद हॉटेलातली मिसळही सगळे विचारतात, ती राहिली. 2015मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत तिला जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरवलं. कोल्हापूरकरांना ती गोड लागते, आणि लागणारच. दादरच्या माणसाला मिसळ खाऊन परत कामाला जायचं असतं, घाम पुसत झोपायचं नसतं.

आणि ते “खास मुंबईचं” म्हणाल तर जरा जपून. कोळंबी कोळीवाडा हा पदार्थ सगळे कोळणींचा समजतात. तो सायन कोळीवाड्याला फाळणीनंतर वसलेल्या पंजाबी निर्वासितांचा मानला जातो, आमच्या वरळीच्या कोळणींना त्यातलं बेसन बघवत नाही. गाडीवरच्या मंचुरियनचा मूळपुरुष 1975च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात जन्मला, कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वाँग यांच्या हातून, चिकनचा. वडापाव 1966मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर सुरू झाला असं सांगतात, तेव्हा तेवढा एक निखळ आपला म्हणा. तो कुठला खायचा, हे मात्र मी सांगणार नाही, त्यावरून आमच्या घरात बोलणी बंद झालेली आहेत. ज्या गाडीसमोर कढईतून वडे निघायची वाट बघत माणसं उभी आहेत, तिथे थांबा.

भाच्याला या खेपेला मी असं कळवलंय : शनिवारी महालक्ष्मी एक्सप्रेसने उतर, सामान घेऊन सरळ धोबीतलाव, कयानीत खिमा आणि ब्रून, म्हणजे इराण्याचा कडक पाव. दुपारी सव्वाला फोर्टात. संध्याकाळी काही खाऊ नकोस. रात्री घरी ये, मावशीने बोंबील आणलेत. रविवारी माटुंगा, पण साडेसहाला, त्याला उठवायची जबाबदारी त्याच्या बायकोची. सोमवारी राहणार असाल तर फोन करून निघा, बरीच जुनी हॉटेलं आठवड्यातून एक दिवस बंद असतात आणि तो दिवस प्रत्येकाचा वेगळा.